गबनिट आत्याचं नाव

"किती वेळा विचारलंस?" डर्वलाने विचारलं.

"एकदाच," फिनबार म्हणाला.

"आणि त्या हो म्हणाल्या?"

"'बरं' म्हणाली."

"पहिल्याच खेपेला?"

"पहिल्याच."

डर्वलाने आठव्या महिन्याचं पोट सावरत खुर्ची गाठली. "माझी चौतिशी उलटली," ती म्हणाली, "पण पहिल्या खेपेला हो म्हणणारं माणूस या देशात अजून पाहिलं नाही. आणि जे एकमेव निघालं, त्यालाच जाऊन तू विचारलंस!"

 फिनबारचाही हिशेब तोच होता. नॉकरो गावात, किंबहुना कॉर्क या आयरिश परगण्याच्या त्या सगळ्याच डोंगराळ टापूत, कुणी काही देऊ केलं की पहिल्यांदा 'छे, छे' म्हणायचं. दुसऱ्यांदा 'कशाला उगाच त्रास'. तिसऱ्यांदा देणाऱ्याचा आवाज चढला, की मग नाइलाज झाल्यासारखं तोंड करून घ्यायचं. चहाचा दुसरा कप असो की शेजाऱ्याचा ट्रॅक्टर, पद्धत एकच. पहिल्या खेपेला घेणारा हावरा ठरतो आणि तिसऱ्या खेपेला नाकारणारा शिष्ट. देणाऱ्यालाही यात सोय असते. मनातून द्यायचं नसेल, तर दोनदा विचारून थांबता येतं. माणुसकीही राहते आणि वस्तूही. याच सोयीच्या भरवशावर फिनबारने आत्यासमोर तोंड उघडलं होतं.

गबनिट आत्या एक्याऐंशी वर्षांची. फिनबार नऊ वर्षांचा असताना त्याची आई गेली, तेव्हा आत्या लंडनची नोकरी सोडून परत आली ती कायमचीच. तिने त्याला वाढवलं, शिकवलं, दूध संघाच्या पशुखाद्य दुकानात चिकटवून दिलं आणि पस्तिसाव्या वर्षी, आता हा काही लग्न करत नाही अशी गावाची खात्री झाल्यावर, शेजारच्या केरी परगण्यातल्या डर्वलाला त्याच्या शेजारी जेवायला बसवलं. अशी बाई खुब्याचं ऑपरेशन होऊन इस्पितळाच्या खाटेवर पडली होती. चष्मा काढलेला, केस विस्कटलेले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच कुणालाही काहीही सुनावत नव्हती. ते पाहून फिनबारला भडभडून आलं. काहीतरी चांगलं बोलावं, म्हणून तो म्हणाला, "आत्या, मुलगीच आहे म्हणतात. आम्ही म्हणत होतो, तुझंच नाव ठेवावं."

यावर आत्याने 'छे, छे, हे जुनं नाव कशाला त्या पोरीच्या गळ्यात' असं म्हणणं अपेक्षित होतं. मग त्याने आणखी एकदा विचारलं असतं, तिने आणखी एकदा नाही म्हटलं असतं, दोघांनाही बरं वाटलं असतं आणि मुलीचं नाव ठरल्याप्रमाणे फिया राहिलं असतं. आत्याने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "बरं." तेवढ्यात भेटायची वेळ संपल्याची घंटा झाली.

"आता?" डर्वलाने विचारलं.

"आता काय. कुणाला माहीत नाहीये अजून. बघू सावकाश."

कुणाला माहीत नसण्याचा हा काळ एकंदर दोन तास टिकला. आत्याने नर्सला सांगितलं. नर्स नॉकरोचीच. रविवारी चर्चमधल्या मिस्सेनंतर फादरनी सूचना वाचून दाखवल्या: कब्रस्तानाची साफसफाई शनिवारी, कुणाचा तरी काळा कुत्रा हरवला आहे, आणि आनंदाची गोष्ट अशी, की या गावात एकेचाळीस वर्षांनी एका गबनिटचा बाप्तिस्मा होणार आहे. लोक वळून वळून डर्वलाच्या पोटाकडे पाहू लागले. एका म्हातारीने डोळे टिपले.

"एकेचाळीस वर्षं का बरं झाला नसेल, हा विचार एकालाही शिवला नाही," डर्वला घरी येताना गाडीत म्हणाली. "माझ्या ओळखीच्या सगळ्या गबनिट कब्रस्तानात आहेत. एक तुझी आत्या सोडली तर."

"नाव वाईट नाही गं. संतिणीचं आहे."

"मग तू बदलून घे. तुला नाहीतरी तुझं शोभत नाही."

हा घाव वर्मी बसला. फिनबार या नावाचा अर्थ सोनेरी डोक्याचा, आणि फिनबारचं डोकं तिसाव्या वर्षीच स्वच्छ झालं होतं.

नावांचे हे अर्थ गावात रिअर्डन मास्तरांकडून कळत. शाळेतून निवृत्त झाल्यावर मास्तरांनी जुन्या आयरिश नावांचा ध्यास घेतला होता. रस्त्यात कुणी भेटलं की आधी ते त्याच्या नावाचा अर्थ सांगत आणि मग तब्येत विचारत. डर्वलाला लग्नाच्या दिवशीच त्यांनी 'तू कवीची लेक' असं सांगून टाकलं होतं. डर्वलाचे वडील दुधाचा टँकर चालवायचे. ते मागच्याच टेबलाशी बसले होते, आणि पुढचा आठवडाभर बायकोकडे जरा संशयाने पाहत होते म्हणतात.

सोमवारी सकाळी मास्तर दारात उभे. काखेत कागदांचा गठ्ठा.

"गबनिट!" ते म्हणाले. "मुली, तुला कल्पना नाही तू काय करते आहेस."

"थोडीशी आहे," डर्वला म्हणाली.

"गोबा म्हणजे लोहार. त्यावरून गबनिट. म्हणजे लहानशी लोहारीण. हे माझं मत. पलीकडच्या गावातला तो ट्रेसी म्हणतो की मूळ वेगळं आहे. ट्रेसीला काही कळत नाही. आता माझी पुस्तिका मी छापायलाच टाकतो. पंचवीस वर्षं पडून होती, कारण माणसं म्हणायची, नाव मेलंय, वाचणार कोण? आता नाव जिवंत झालं! अर्पणपत्रिकेत बाळाचं नाव घालतोय."

"मास्तर, एवढं कशाला..." फिनबार म्हणाला.

"छे, छे, त्यात काय!"

"खरंच नको हो."

"घालतोय म्हणजे घालतोय!" मास्तरांचा आवाज चढला. आवाज चढल्यावर काय करायचं हे फिनबारच्या रक्तातच होतं. तो म्हणाला, "मग... आभारी आहे."

मास्तर गेल्यावर डर्वला म्हणाली, "लोहारीण. माझी मुलगी लोहारीण. आणि आभार मानलेस तू."

पुढच्या आठवड्यात मध यायला सुरुवात झाली. संत गबनिट ही मधमाश्यांची कैवारी. गुरं पळवणाऱ्या दरोडेखोरांवर तिने पोळं सोडलं होतं, हे त्या भागात शेंबड्या पोरालाही माहीत. त्यामुळे गावाने दुसरा काही विचारच केला नाही. मधाच्या चौदा बरण्या आल्या. मधमाश्या विणलेली दोन झबली आली. त्यातल्या एका झबल्यावरची माशी इतकी हुबेहूब होती की फिनबारने ती आधी चपलेने मारली. आणि जूनच्या शेवटी, डर्वला बाळंतपणासाठी इस्पितळात गेलेली असताना, मधपाळ संघाचे अध्यक्ष बॅट केलेहर आपल्या ट्रेलरमधून एक अख्खी पेटी घेऊन आले. माश्यांसकट.

"संघातर्फे," बॅट म्हणाले.

"छे, छे, बॅट. हे फार होतंय."

"फार कसलं?"

"आम्हाला यातलं काही येत नाही. उगाच तुम्हाला त्रास."

"अरे घे म्हणतो ना!" बॅट गरजले. ट्रेलरमधूनही तसाच आवाज आला.

डर्वला तीन दिवसांची मुलगी घेऊन घरी परतली तेव्हा परसात, कपडे वाळत घालायच्या दोरीखाली बरोब्बर, पांढरी पेटी गुणगुणत होती. ती दारातच थांबली. किंचाळली नाही, आणि तेच फिनबारला जास्त लागलं.

"फिनबार," ती म्हणाली, "ही बघ. नीट बघ हिच्याकडे."

त्याने पाहिलं. मुलगी झोपली होती. ओठांचा चंबू, कपाळावर आठी, जणू कुणीतरी तिच्यापासून काहीतरी लपवतंय याची शंका आलेली.

"ही शाळेत जाणार. हजेरी घेतली जाणार. पुढे कॉर्क शहरात कॉलेजला जाणार, कुठल्याशा मुलाला नाव सांगणार. तुला हिच्यासाठी ते नाव हवंय का? आत्यांसाठी नव्हे, हिच्यासाठी?"

"नाही," फिनबार म्हणाला. एवढं सरळ उत्तर त्याने बऱ्याच वर्षांत दिलं नव्हतं.

"मग जाऊन सांग."

"आत्याला? डर्वला, त्या बाईने माझ्यासाठी लंडन सोडलं. ऑपरेशननंतर ती या नावावर उठून उभी राहिली. डॉक्टर म्हणाले एवढ्यात चालायची नाही, आणि ती कुबडी घेऊन गावभर सांगत फिरतेय. मी कुठल्या तोंडाने सांगू?"

डर्वला विचारात पडली. केरीची माणसं विचारात पडली की कॉर्कच्या माणसांनी सावध राहावं, असं केरीची माणसं म्हणतात. "तू एकदाच विचारलं होतंस ना?" ती म्हणाली. "मग एकदाच विचारणं म्हणजे विचारणंच नव्हे. त्यांना नाही म्हणायची संधीच मिळाली नाही. घंटा झाली. तू जा आणि राहिलेल्या दोन खेपा पुऱ्या कर. रीतसर."

"आणि ती हो म्हणाली तर?"

"दुसऱ्या खेपेला हो म्हणणारं माणूसही मी पाहिलेलं नाही."

फिनबार दुसऱ्या दिवशी दुपारी आत्याच्या घरी गेला. आत्याने चहा टाकला आणि सोडा ब्रेड कापला. "घे."

"नको गं, आत्ताच जेवलो."

"घे रे थोडा."

"खरंच नको."

"घे म्हणते ना!" त्याने घेतला. पद्धत शाबूत आहे हे पाहून त्याला धीर आला. तोंडातला घास संपवून तो म्हणाला, "आत्या, बाळाचं नाव. म्हणजे, तुझंच ठेवायचं ना? तुला चालेल ना?"

आत्या लोणी लावत होती. तिचा हात थांबला. "ठरलंय ना ते?" ती म्हणाली. "फादरनी चर्चमध्ये सांगितलं, मास्तरांची पुस्तिका छापून झाली. चालेल की."

दुसरी खेप वाया. फिनबारच्या कपाळावर, आणि त्याचं कपाळ बरंच मागपर्यंत जात असल्यामुळे सबंध डोक्यावर, घाम आला. आता एकच खेप उरली होती. त्याने सगळं बळ एकवटलं आणि ते जरा जास्तच एकवटलं गेल्यामुळे आवाज चढला.

"आत्या, तुझं नाव ठेवू ना?"

शब्द बाहेर पडले आणि त्याच्या लक्षात आलं की आपण काय केलं. तिसरी खेप. चढा आवाज. याच्यानंतर नाही म्हणायची सोय कुणालाच नसते. डर्वलाच्या सगळ्या बेतात एवढं एकच भोक होतं आणि तो त्यातून आरपार पडला होता.

आत्याने सुरी खाली ठेवली. "म्हणजे तुला खरंच हवंय," ती हळू आवाजात म्हणाली. "मला वाटलं होतं, इस्पितळात तू बोलून गेलास. मला वाटलं आज येशील आणि आडून आडून काहीतरी सुचवशील." ती खिडकीकडे वळली. तिचे खांदे हलत होते.  म्हातारीला एवढा आनंद झाला होता, आणि आपण तो काढून घ्यायला आलो होतो.

"बिचारी पोर," आत्या खिडकीला म्हणाली.

फिनबारने कप खाली ठेवला. "कोण बिचारी?"

"कोणी नाही."

"आत्या, कोण बिचारी?"

"तुझी मुलगी! आणखी कोण?" आत्या गर्रकन वळली, कुबडी नसती तर पडलीच असती. "काय रे, काय केलंय तिने तुझं? आठ पौंडाचं लेकरू, आणि जन्मभर गबनिट!"

"मग तू हो का म्हणालीस?"

"तू रडत होतास! माझ्या उशाशी उभा राहून टिपं गाळत होतास. रडणारा माणूस एकदाच विचारतो, फिनबार. त्याला कुठे 'छे, छे' म्हणत बसू?"

"ते रडणं नव्हतं! दिवसभर गोण्या उचलल्या होत्या. कोंड्याने डोळे चुरचुरत होते माझे!"

 किटलीत पाणी उकळून उकळून संपत आलं होतं.

मग आत्या कुबडी टेकत गेली, कपाटातून जुना पासपोर्ट काढला आणि त्याच्यापुढे टाकला. फिनबारने पाहिलं. फोटो आत्याचा, वय तिशीच्या आतबाहेर, केसांचा डोंगर रचलेला. नाव: डेबोरा टूमी.

"ही कोण?"

"मी. माझ्या जन्माच्या वेळी कारकुनाला हे नाव कागदावर घालायचं पटलं नाही. संतिणीच्या मधमाश्या आणि बायबलातल्या डेबोराचा अर्थ मधमाशी, म्हणून त्याने डेबोरा लिहून टाकलं. तेव्हा सर्रास करायचे. घरी कुणी लक्ष दिलं नाही. पण लंडनला टेलिफोन खात्यात लागले, त्यांनी कागद पाहिला आणि मी डेबी झाले. वीस वर्षं डेबी होते मी." ती खाली बसली. "डेबीला लोक नाचायला बोलवायचे. गबनिटला चहा टाकायला सांगतात."

 "तू परत आलीस ती माझ्यामुळे," फिनबार म्हणाला.

"बसमधून उतरेपर्यंत डेबी होते. फाटकापर्यंत पोचले तोवर चौघांनी गबनिट म्हणून हाक मारली होती. त्यात तुझाही एक आवाज होता. नाक गळत होतं तुझं. त्या हाकेला ओ दिली त्याचं दुःख नाही मला. पण म्हणून हे नाव मी कुणाला भेट म्हणून देणार नाही." मग, प्रामाणिकपणे: "पहिला आठवडा बरं वाटलं हां. खोटं कशाला बोलू."

आता प्रश्न गावाचा होता. आणि गाव म्हणजे मुख्यतः मास्तर. पुस्तिकेच्या दोनशे प्रती छापून त्यांच्या बैठकीत रचून ठेवल्या होत्या. ते काम आत्याने अंगावर घेतलं. कुबडी टेकत ती मास्तरांकडे गेली. फिनबार मागे, तोफेच्या मागे उभं राहावं तसा.

"मास्तर, संतिणीला देवदूताने काय सांगितलं होतं? कुठे थांब म्हणून?"

"जिथे नऊ पांढरी हरणं चरताना दिसतील तिथे," मास्तर म्हणाले. "आधी तीन दिसली, मग सहा, मग नऊ. पुस्तिकेत चौथं प्रकरण आहे. तिथवर अजून कुणी पोचलं नाही."

"आणि फिया म्हणजे?"

"रानातलं, मोकळं. आणि हरीणसुद्धा. ट्रेसी म्हणतो की..." मास्तर थांबले. त्यांचे डोळे बारीक झाले, मग मोठे झाले. "गबनिट टूमी, तू असं म्हणतेस की चौथं प्रकरण समारंभात मोठ्याने वाचून दाखवायची गरज पडणार?"

"सगळंच्या सगळं," आत्या म्हणाली.

ऑगस्टात मुलीचा बाप्तिस्मा झाला. फादरनी विचारलं, "या बाळाला तुम्ही काय नाव देता?" डर्वलाने खणखणीत आवाजात "फिया" असं सांगितलं. लोकांत कुजबुज झाली. मग गावच्या हॉलमध्ये हॅमचे सँडविच वाटले गेले आणि मास्तरांनी पन्नास मिनिटं हरणांवर भाषण केलं. शेवटी सगळ्यांचं मत पडलं की नाव उत्तम आहे, अर्थपूर्ण आहे, संतिणीच्या थेट परंपरेतलं आहे, आणि आता मास्तर थांबले तर फार बरं होईल. कुणीही वाईट वाटून घेतलं नाही. डर्वलाने बॅट केलेहरना बाजूला घेऊन, आता मुलगी गबनिट नाही तेव्हा पेटी परत न्यायला हरकत नसावी, असं सुचवून पाहिलं.

"छे, छे," बॅट म्हणाले, "ठेवा तुम्ही."

"नाही हो, खरंच न्या."

"ठेवा म्हणतो ना!"

कागदावर फिया होतं. पण गावाने दोन महिने जीभ वळवून ठेवली होती ती ठेवलीच होती. पोस्टमन विचारायचा, गबनिट झोपते का रात्री? दूध संघातली गिऱ्हाइकं फिनबारला म्हणायची, छोट्या गबनिटला दात आले का? आत्या सुरुवातीला प्रत्येकाला सुधारत असे. मग दोनेक आठवड्यांनी तिने ते सोडलं. पुढे पुढे तर दुकानात मोठ्याने म्हणू लागली, "मी मोठी. धाकटी घरी आहे."

एक डर्वला तेवढी ठाम राहिली. फिया म्हणजे फिया.

सप्टेंबरात मुलीला लस टोचायला ती आरोग्य केंद्रात घेऊन गेली. बाकांवर आया आणि तान्ही मुलं दाटीवाटीने बसली होती. मुलीने चुळबुळ चालवली होती. डर्वला तिला थोपटत तिच्या कानात काहीबाही पुटपुटत होती. नवीन नर्स यादी घेऊन दारात आली.

"फिया?" ती म्हणाली.

दोन आया उठल्या.

"फिया टूमी," नर्स म्हणाली. दोघी बसल्या.

कुणी हललं नाही. नर्सने पुन्हा पुकारलं. डर्वलाने कपाळाला आठी घालून मान वर केली आणि आजूबाजूला पाहिलं. कसल्या एकेक बाया असतात, स्वतःच्या लेकराचं नाव पुकारलं तरी लक्ष नाही. लोक खोळंबलेत याची जाणीव नको?

नोंदणीच्या खिडकीमागे गावचीच एक बाई बसली होती. तिने चष्म्यावरून पाहिलं आणि ओरडली, "गबनिटला घेऊन आत जा!"

"आले, आले!" म्हणत डर्वला लगबगीने उठली.